'नुसतं बसवून ठेवलंय' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कधी ना कधी कामाला येईल.

पोलीस स्टेशनच्या बोलीत एक क्रियापद आहे, 'बसवणे'. "पोराला अटक केली का हो?" "नाही नाही, नुसतं बसवून ठेवलंय." म्हणजे अटक नाही, नोंद नाही, कागद नाही. पोरगं मात्र दुपारपासून बाकड्यावर, मोबाईल काढून घेतलेला आणि आई बाहेर झाडाखाली. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय, हे दृश्य अजून बदललेलं नाही.

कायद्यात असं 'बसवणे' नाही. माणूस एकतर मोकळा असतो, नाहीतर ताब्यात. ताब्यात असेल तर त्याला कलम लागतं. प्रतिबंधात्मक कारवाई असली तरी तिलाही कलम असतंच. आणि अटक झाली की घड्याळ सुरू होतं. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. 'बसवण्या'ची सगळी सोय इथेच आहे. नोंदच नाही, तर घड्याळ कुठून सुरू होणार?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक हा नियम नाही. अटकेची गरज नसेल तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं होतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण नोटीस रीतसर आली तर हजर राहायचं. टाळाटाळ केली की अटकेला कारण आपणच देतो.

अटक झालीच तर पंचनाम्यासारखा अटकेचा कागद होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, फक्त वकील पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, तिन्ही लागतं.

घराची झडती घेतली तर ती आणि जप्तीची यादी करण्याचं काम व्हिडिओत घेणं कलम १०५ ने सक्तीचं केलंय. मोबाईलवर घेतलं तरी चालतं. जप्तीच्या यादीची प्रत घरमालकाने मागून घ्यावी.

आता आपल्या राज्यातला ताजा निकाल. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. जागेवर शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटकही बेकायदेशीर आणि रिमांडही.

इथे कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न येणार. "गुन्हेगारांना कसले हक्क? ज्याचं घर फुटलं त्याला विचारा!" राग मला समजतो. पण हाच निकाल पुन्हा वाचा. कागद दिला नाही म्हणून आरोपी सुटू शकतो. पोलीस नंतर कारणं देऊन परत रिमांड मागू शकतात, पण तोवर ज्याचं घर फुटलं त्याने काय करायचं? नियम मोडला की फायदा खऱ्या गुन्हेगाराला होतो, कारण त्याच्याकडे वकील असतो. बाकड्यावर बसलेल्या गरिबाच्या पोराला त्यातलं काहीच मिळत नाही.

पोलिसांची बाजूही मांडतो. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त रोजचा, वरून 'डिटेक्शन कधी?' म्हणून तगादा आणि पुढाऱ्यांचे फोन. हे सगळं खरं आहे. पण दोन पानी कागद द्यायला जादा माणूस लागत नाही. उलट तो कागद उद्या त्याच हवालदाराची नोकरी वाचवतो.

आणि आपलं काय चुकतं? पोरगं आत गेलं की आपण आधी नगरसेवकाला फोन लावतो. "साहेबांना एक शब्द टाका." पोरगं सुटतं, आपण उपकारात अडकतो, आणि ज्याची ओळख नाही त्याचं पोरगं तिथेच बसून राहतं. फोनाफोनीने 'बसवणे' थांबत नाही, ते पक्कं होतं. त्यापेक्षा ठाणे अंमलदाराला शांतपणे तीन गोष्टी विचारा : कोणत्या कलमाखाली? स्टेशन डायरीला नोंद किती वाजताची? अटकेची कारणं लेखी कधी मिळतील? आवाज चढवू नका, हुज्जत घालू नका. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा, किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

शेवटी एक मागणी. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं असतं, आणि त्यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. आपल्या स्टेशनच्या दर्शनी भागात तो फलक रोज भरलेला दिसला पाहिजे. शांतता समितीची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय मी मांडणार आहे. समितीवर असलेल्यांनी साथ द्यावी. तुमच्या गावात तो फलक आहे का, भरलेला आहे का, कमेंटमध्ये सांगा. ज्या कुणा पोराचं नाव उद्या तिथे लागेल, त्याच्या आईला निदान तो कुठे आहे हे तरी कळेल.