नाग नदीच्या काठी

बहरीनला नदी नाही. म्हणूनच असेल, परवा माहूजमधील आमच्या घरी वंदनेनंतर एका मुलीने विचारले, "काका, बाबासाहेबांच्या भाषणातली नाग नदी तुम्ही पाहिली आहे का?" आम्ही अडखळलो. पाहिली होती, रोजच पाहिली होती. पण आम्ही तिला नालाच म्हणत असू.

15 ऑक्टोबर 1956 रोजी, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना, बाबासाहेबांनी नाग लोकांबरोबर या नदीचाही उल्लेख केला होता. शहराच्या पश्चिमेस लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावून ती अंबाझरी तलावातून सीताबर्डी, महालच्या बाजूने पूर्वेकडे जाते आणि शेवटी कन्हानला मिळते. वाटेत सारे शहर आपले सांडपाणी तिच्या पदरात टाकते.

याच परिसरात गिरण्या उभ्या राहिल्या. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. आमचे आजोबा अशाच एका गिरणीत सूतकताई खात्यात होते. विणकाम खात्याची मजुरी अधिक. परंतु धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून कापडगिरण्यांत तेथे अस्पृश्यांना मज्जाव असे. 1928 च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. भोंग्याला जात नव्हती, खात्यांना होती!

आता भोंगा नाही. एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे. गिरणीमुळे काठाकाठाने वसलेल्या वस्त्या मात्र राहिल्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, तेव्हा बंगल्यांच्या वसाहतीही बुडाल्या आणि नदीची आठवण सर्वांनाच झाली.

नदीच्या शुद्धीकरणासाठी आता सुमारे 1,900 कोटींची योजना मंजूर आहे. नदी स्वच्छ व्हावी, हे आम्हांलाही वाटतेच. पण काठ सुंदर करण्याच्या बोलण्यात 'अतिक्रमण' हा शब्द लवकर येतो आणि तो बंगल्यांविषयी क्वचितच उच्चारला जातो. गिरणीने ज्यांना काठावर आणले, त्यांची घरे नकाशावर कोणत्या रंगाने दाखवली आहेत, हे आपण दुरून का होईना विचारले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांचे नातलग आजही तेथेच राहतात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी आम्ही त्या मुलीच्या कुटुंबासह नागपूरला जाणार आहोत. दीक्षाभूमीवरून परतताना पुलावर थांबायचे ठरले आहे.