पकड करणाऱ्या पोराचा टंच कोण काढणार?

प्रो कबड्डीचा लिलाव आला की आपल्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय. कुठला रेडर कितीला गेला? कुणाला किती कोटी लागले? चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 ला 36 लाख 40 हजाराला यू मुंबात गेला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला रेडर व्हायचंय. त्यात वाईट काही नाही. सिद्धार्थनं आख्ख्या जिल्ह्याला स्वप्न दिलं.

पण मंडळी, लिलावाचे आकडे जरा नीट बघा. लिलावात कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठणारा खेळाडू रेडर नव्हता. तो इराणचा फझल अत्राचली, डावा कॉर्नर, 2018, यू मुंबा. 2025 च्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली 2 कोटी 23 लाखांची. गुजरात जायंट्सनं ती लावली इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूईवर. त्याची नोंद अष्टपैलू म्हणून असते, पण पैसे मोजले जातात ते डाव्या कॉर्नरच्या त्याच्या पकडींसाठी. दहाव्या हंगामात तो पुणेरी पलटणकडून विजेता, अकराव्यात हरियाणा स्टीलर्सकडून विजेता. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळे संघ. हा योगायोग म्हणायचा काय?

आणि 2018 ची जकार्ताची आशियाई स्पर्धा आठवा. 1990 पासून कबड्डीचं सुवर्ण कधी न सोडलेला आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 नं हरला. 40 मिनिटांत आपले गुण फक्त 18! आपल्याकडं रेडर कमी होते का? अजिबात नाही. समोरची भिंत पक्की होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागात पकड करणारी पोरं आहेत, पण त्यांची पारख करायची सोय आपल्याकडं नाही. हुपरीत चांदी नुसती चकाकते म्हणून कोण घेत नाही, आधी टंच काढतात. पोरांच्या बाबतीत मात्र आपण चकाकीवरच भाव ठरवतोय.

स्थानिक स्पर्धेत काय होतं बघा. रेडरनं तीन गडी मारले की शिट्ट्या, हलगी, वर रोख बक्षीस. कॉर्नरच्या पोरानं मांडी धरून उचलून आपटलं की त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ गावभर फिरतो. पण त्या पोरानं त्या सामन्यात किती वेळा चुकीची उडी घेतली, किती वेळा स्वतः बाद होऊन बाहेर बसलं, याची नोंद कुठंच नसते. गुणपत्रिकेत पकडी दिसतात, फसलेल्या पकडी दिसत नाहीत.

हिशोब करून दाखवतो. समजा एका पोरानं स्पर्धेत 20 पकडी करायचा प्रयत्न केला, 8 जमल्या. दुसऱ्यानं 9 केल्या, 6 जमल्या. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस कुणाला? पहिल्याला, कारण 8 मोठे. पण पहिल्याच्या 12 पकडी फसल्या. प्रत्येक फसलेल्या पकडीत समोरच्याला कमीत कमी एक गुण आणि आपला एक गडी बाहेर. म्हणजे 8 कमावले, 12 घालवले. दुसऱ्यानं 6 कमावले आणि 3 घालवले. संघ कुणामुळं जिंकला? प्रो कबड्डीत संघाचे लोक खेळाडू निवडताना हेच बघतात, यशस्वी पकडींचं प्रमाण. आपण फक्त बेरीज करतो, वजाबाकी कोण करतच नाही.

मग चांगला बचावपटू ओळखायचा कसा? माझ्या मते या पाच गोष्टी बघायला पाहिजेत.

1) थांबता येतं का? चढाई 30 सेकंदांची. चांगला कॉर्नर पहिली 20 सेकंदं काही करत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो रेडरचा पुढचा पाय, खांदा, नजर वाचत असतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची. आता रेडरला गुण आणावाच लागतो. तो येणारच आहे, मग तुम्ही कशाला पुढं जाताय? पहिल्या रिकाम्या चढाईवर अंगावर जाणारं पोरगं धाडसी दिसतं, पण ते संघाला महागात पडतं.

2) जागा कुठली? सातजणांत दोन कॉर्नर, दोन इन, दोन कव्हर आणि एक मध्यभागी. डावा कॉर्नर आणि उजवा कॉर्नर ही एकच नोकरी नव्हे. पाय वेगळा, हात वेगळा, रेडरची धाव वेगळी. कव्हरचं काम तर आणखी निराळं. त्याला धडक मारून रेडरला लॉबीबाहेर ढकलायचं असतं नाहीतर ब्लॉक करून परतीची वाट बंद करायची असते. आपली पोरं आज डावीकडं, उद्या उजवीकडं, जिथं जागा मोकळी तिथं उभी राहतात. बोली लावणाऱ्याला मात्र ठरलेल्या जागेचा माणूस पाहिजे असतो. चिपळूणकडचा शुभम शिंदे उजवा कॉर्नर म्हणूनच ओळखला जातो. ओळख अशी जागेवर तयार होते.

3) साखळीत कसा आहे? कॉर्नरनं घोटा धरला आणि इनवाला अर्धा सेकंद उशिरा आला, तर पकड सुटते. नाव कुणाचं खराब होतं? कॉर्नरचं. उलट कॉर्नरला पकड मिळते तेव्हा निम्म्या वेळा शेजारच्यानं रेडरला त्याच्याकडं वळवलेलं असतं. त्याच्या नावावर गुण चढत नाही. मी दहा-पंधरा वर्षं मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा राहतोय, त्यावरून सांगतो, सगळ्यात जास्त अन्याय या शेजारच्यावर होतो.

4) तीन गडी उरल्यावर काय करतो? मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, सुपर टॅकल. सातजण असताना मागून येऊन ढिगावर पडणारे पुष्कळ. तीनजण असताना, लोण डोक्यावर असताना ज्याचे पाय थरथरत नाहीत, तो खरा गडी.

5) शरीर. पुरुष गटात 85 किलोची मर्यादा आहे. आपल्याकडं कुणी 68 किलोवर खेळतंय, तर कुणी वजनाच्या दिवशी पाणी तोडून 85 वर आणतंय. दोन्ही धोक्याचं. गुडघा आणि खांदा ही बचावपटूची खरी भांडवली रक्कम. खांद्याच्या दुखापतीनं सिद्धार्थ देसाईसारख्या ताकदीच्या रेडरला आठव्या हंगामात बाहेर बसवलं. इथं तर रोज कुणाच्या तरी अंगावर झेप घ्यायची असते.

पाचवा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण आपण पहिल्यांदा तोच बघतो. ‘पोरगं काय उंच हाय, काय छाती हाय’ यावरच अर्धी निवड होऊन जाते. अमेरिकेतही हेच चालतं. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका मारायच्या खेळात, बचावाच्या मधल्या फळीत लाईनबॅकर असतो. काम आपल्या कव्हरसारखंच, समोरच्याचा डाव ओळखायचा आणि योग्य क्षणी जाऊन आडवा करायचा. कॉलेजच्या पोरांची व्यावसायिक संघांकडून निवड होण्याआधी त्यांची उंची, वजन, 40 यार्डांची धाव, उडी, सगळं मोजतात. 1996 ला झॅक थॉमस नावाचं असंच एक पोरगं होतं. जेमतेम 5 फूट 11 इंच. त्या जागेसाठी बुटकं म्हणून सात फेऱ्यांपैकी पाचव्या फेरीत कुठं त्याचा नंबर लागला. 2023 ला त्याचं नाव तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. डाव वाचायची ताकद टेपनं मोजता येत नाही. पण तिथं एक सोय होती. त्याच्या कॉलेजच्या सामन्यांचं चित्रण होतं, नोंदी होत्या. म्हणून निदान पाचव्या फेरीत तरी कुणाची नजर पडली. आपल्या पोराचं काय? त्याच्याकडं दाखवायला पंधरा सेकंदांचं रील आणि स्टीलची ट्रॉफी.

म्हणून मंडळांना, प्रशिक्षकांना हात जोडून विनंती आहे. फार खर्च नाही. एक वही घ्या. प्रत्येक बचावपटूसाठी चार रकाने आखा: प्रयत्न किती, यशस्वी किती, कुठल्या जागेवरून, मैदानात तेव्हा गडी किती. बारावीचं एखादं पोरगं बसवा, ते लिहून काढेल. मोबाईल स्टँडवर लावून पूर्ण 40 मिनिटांचं चित्रण करा, उंचावरून, सातही जण दिसतील असं. नुसत्या पकडी कापून ठेवू नका, चुकाही राहू द्यात. बघणाऱ्याला चुकाच बघायच्या असतात. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी उत्कृष्ट पकडीचं बक्षीस प्रमाणावर द्यावं, तेही उत्कृष्ट चढाईएवढंच. रेडरला सायकल आणि बचावपटूला भिंतीवरचं घड्याळ, हे आता बंद करा राव!

पोरांना एक सांगतो. कॉलेज सोडू नका. 2024 च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांच्या खेळाडूंना यादीत घेतलं होतं. म्हणजे विद्यापीठाचा संघ हा लिलावाचा एक दरवाजा आहे. अकरावीतच शाळा सोडून कारखान्यात बसलात आणि संध्याकाळी मैदानावर आलात, तर तो दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतला.

आणि आईबापांसाठी साधं गणित. प्रो कबड्डीत 12 संघ. एका संघात मैदानावर साधारण चार बचावपटू. म्हणजे आख्ख्या देशात सुरुवातीच्या सातमध्ये बचावपटूंच्या 48 च्या आसपास जागा. त्यावर हरियाणा, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, इराण, सगळ्यांचा डोळा. सगळ्यात खालच्या ड गटाची मूळ बोली 9 लाख. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. पुढच्या वर्षी पुन्हा बोली लागेल याची हमी कोण देत नाही. म्हणून लिलाव हे स्वप्न ठेवा, आधार ठेवू नका. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. तिथं लागतात ती प्रमाणपत्रं नीट फाईलला लावून ठेवा. आणि ‘ट्रायलला घालतो, एवढे पैसे द्या’ म्हणणारा कुणी भेटला तर दारातूनच परत पाठवा.

शेवटी प्रश्न एवढाच. हुपरी, पट्टणकोडोली, रेंदाळ, तळंदगे, यळगूड, या पट्ट्यात रात्री फ्लडलाईटखाली गुडघ्याला पट्टी बांधून उभं राहणारं एखादं पोरगं खरंच प्रो कबड्डीच्या तोडीचं असेल, तर ते आपल्याला कळणार कसं? ते चोविशीत पोचेल, लग्न होईल, कारखान्यात बसेल आणि ‘एके काळी लय भारी पकड करायचा’ एवढंच मागं उरेल. पोरगं कमी पडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण कुणी मोजलंच नाही म्हणून ते मागं राहिलं, तर तो दोष गावाचा.

चांदी पारखणारं गाव आहे आपलं. पोरं पारखायला काय हरकत आहे?

तुमच्या मंडळात अशी नोंदवही ठेवत असाल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, बाकीच्यांनाही बघायला मिळेल. ठेवत नसाल तर या हंगामापासून सुरुवात करा. पटलं तर प्रशिक्षकांपर्यंत पोस्ट पोचवा.

#हुपरी #कबड्डी #पकड #कोल्हापूर