नॅनोकणाचे नाव आधी की रचना आधी?

गवती चहाच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला आणि खोलीच्या तापमानालाच सोन्याचे पातळ, चपटे, त्रिकोणी स्फटिक तयार झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाचे हे संशोधन २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या लक्षात राहतो तो गवती चहा. महत्त्वाचा आहे तो त्रिकोण. सोन्याचे सूक्ष्म गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, तर हे त्रिकोण अवरक्तालगतचे किरण. द्रव्य तेच, गुण निराळा. आणि तो आकार दाखवला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने.

उत्प्रेरकांत तर सारा खेळच रचनेचा. एरवी निष्क्रिय असलेले सोने धातूंच्या ऑक्साइडवर काही नॅनोमीटरच्या कणांत बसवले, की शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवते, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवले. हेच कण एकमेकांत मिसळून मोठे झाले, की ती किमया ओसरते.

म्हणूनच केवळ द्रावणाचा रंग बदलला, एवढ्यावर ‘नॅनोपदार्थ तयार झाला’ असे जाहीर करणे मला मान्य नाही. क्ष-किरण विवर्तनाच्या शिखराच्या रुंदीवरून मिळतो तो स्फटिकांचा सरासरी आकार. मोजके मोठे स्फटिक अनेक लहानांना झाकून टाकू शकतात. सूक्ष्मदर्शकाचे देखणे चित्र म्हणजे नमुन्याचा कणभर कोपरा. शितावरून भाताची परीक्षा होते ती सारी शिते सारखी असतील तरच. तेव्हा किती कण मोजले, त्यांच्या आकारांचा विस्तार किती आणि अभिक्रियेनंतर उत्प्रेरकाची रचना कशी उरली, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रबंधाला विचारले गेलेच पाहिजेत.

मात्र या काटेकोरपणाची किंमत दुर्गम ठिकाणच्या विद्यार्थ्याने एकट्याने का सोसावी? बरगीहून जबलपूरला शिकायला येणाऱ्या मुलीच्या हाती चंचुपात्र आणि अर्क सहज येतो. उच्च दर्जाचा सूक्ष्मदर्शक येत नाही. मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांतील सामाईक उपकरण केंद्रे बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासतात, ही सोय मोलाची आहे. पण शिष्यवृत्तीबरोबरच तपासणीचा खर्चही मंजूर व्हायला हवा, आणि अहवालासोबत मूळ मोजमापेही विद्यार्थ्याच्या हाती यायला हवीत.

पदार्थ घडवणे हे अर्धे काम. आपण नेमके काय घडवले हे सिद्ध करणे, हे उरलेले अर्धे. निधी दोन्हींसाठी हवा.