शिबिराचा शेवटचा दिवस
स्तंभ : नृत्यविचार

उन्हाळी सुटीत भरतनाट्यमची शिबिरे भरवण्याचा शिरस्ता बंगळूरच्या परिसरात आता चांगलाच रुजला असून, त्याचे स्वागत करताना त्यांच्या अखेरच्या दिवशी जो रंगमंचीय कार्यक्रम अपरिहार्य मानला जातो, तो बंद व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हां होसकोटेवासी मराठी माणसांना या कलेचे वाण परके नाही. विजापूर दरबाराकडून शहाजीराजांना लाभलेल्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. तेथूनच व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले, आणि त्यांचे वंशज दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या बंधूंनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम सिद्ध केला. खुद्द सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठी रचना केल्या.

या क्रमात एक शिक्षणविचार सामावलेला आहे. आरंभीच्या अलारिप्पूत कथा नाही, रागविस्तार नाही. डोळे, मान, खांदे, हात असे एकेक अंग लयीच्या स्वाधीन होत जाते, आणि ही सिद्धता झाल्यावरच वर्णम्‌मध्ये नृत्त व अभिनय यांचा संयुक्त भार नर्तकीवर पडतो. शिबिरात मात्र कार्यक्रमाची तारीख डोक्यावर असल्याने मुलींकडून तिल्लान्याचे तुकडे घोटून घेतले जातात, अरमंडी कच्ची राहते, आणि मांड्या नितंबसंधीतून न उघडता केवळ पावले बाहेर वळवल्याने तो पीळ कोवळ्या गुडघ्यांना सोसावा लागतो.

वस्तुतः सलग दिवसांचा अभ्यास हेच शिबिराचे अनन्य सामर्थ्य होय. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या वर्गात विस्मरणात जाणारी चूक येथे दुसऱ्याच सकाळी गुरूच्या नजरेस पडते. हेसरघट्ट्याच्या नृत्यग्रामात, १९९० साली प्रोतिमा गौरी बेदी यांनी ते स्थापल्यापासून, ओडिशीची साधना निवासी गुरुकुलात वर्षानुवर्षे चालते. काही आठवड्यांच्या शिबिराने तिची बरोबरी करू नये, परंतु तिची शिस्त अवश्य घ्यावी.

म्हणून पालकांनी शेवटच्या दिवशी वेशभूषेचा आग्रह सोडून वर्गातच बसावे, एकच अडवू आपली कन्या तिन्ही काळांत कसा करते ते पाहावे, आणि तिसऱ्या काळातही तिची बैठक ढळली नाही, तर शिबिराचे शुल्क सत्कारणी लागले असे निःशंक समजावे.

— होसकोटेकर