पूर्वसूरींचा आधार म्हणजे पंगुत्व नव्हे

मराठी ख्रिस्ती मंडळीतील सुशिक्षित तरुणांच्या तोंडून एक आक्षेप वारंवार ऐकू येतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जात असल्यामुळेच त्याला टाळून पुढे जाता येत नाही. विश्वास ही ज्याची त्याची स्वतंत्र कमाई असली पाहिजे. पणजोबांनी घरदार सोडून बाप्तिस्मा घेतला म्हणून पणतूने उपासनेला बसणे हा निव्वळ वहिवाटीचा हक्क झाला. आणि आपली श्रद्धा डळमळू लागताच जो पूर्वीच्या भक्तांच्या चरित्रांकडे धाव घेतो तो पांगळा असून कुबडी शोधतो आहे, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. याच्याच जोडीला दुसरा एक आक्षेप असतो: ती पूर्वीची माणसे अढळ श्रद्धेची होती, आम्ही संशयग्रस्त आहोत, तेव्हा त्यांचे दाखले आमच्या काय कामाचे?

पहिल्या आक्षेपातील सत्यांश आरंभीच मान्य केला पाहिजे. मंडळीच्या नोंदवहीतील नाव हे विश्वासाचे खरेदीखत नव्हे, आणि नुसत्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या केल्याने कोणाच्याही अंतःकरणात प्रभूविषयी प्रेम उत्पन्न होत नाही. परंतु स्वतःची कमाई आणि पूर्वसूरींचे स्मरण यांत मूलतःच विरोध आहे, हे जे गृहीत या आक्षेपाच्या बुडाशी आहे, ते इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. जर्मनीतील हाले या गावी सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी अनाथाश्रम उभारला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी जॉर्ज म्युलर नावाच्या तरुणाने फ्रांके यांचे चरित्र वाचले आणि 1836 मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात, कोणाही मनुष्याजवळ पैसा मागायचा नाही अशा निश्चयाने, अनाथ मुलांसाठी घर उघडले. म्युलर यांचे चरित्र पुढे पंडिता रमाबाईंच्या हाती पडले, आणि असे कार्य आपल्या देशात का होऊ नये हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले आहे. या तिघांपैकी कोणाला उसनवारी करणारा म्हणायचे? रमाबाईंनी उभारलेले केडगावचे मुक्तिसदन ही ब्रिस्टलची नक्कल नव्हती. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, बायकांनी चालवलेला छापखाना होता. 1897 च्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा तेथे कष्टाची भाकरी खाऊन लिहावाचायला शिकत होत्या. पूर्वसूरींनी रमाबाईंना आराखडा दिला नाही, त्यांनी धैर्य दिले. आराखडा या मातीतून आणि या मातीवरील दुःखातून निघाला.

दुसरा आक्षेप अधिक सखोल आहे, आणि त्याचा दोष आक्षेपकांपेक्षा आम्हां चरित्रकारांकडे आणि व्यासपीठावरील वक्त्यांकडे अधिक जातो. आम्ही या माणसांच्या शंका पुसून टाकल्या, त्यांचे वाद झाकले, त्यांच्या जिवंत मुद्रेवर संगमरवराचा लेप चढवला, आणि मग तरुणांनी त्यांना दुरूनच नमस्कार केला तर त्यांनाच बोल लावला. वास्तव काय आहे? 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई ज्या भगिनीमंडळात राहत होत्या, त्यातील भगिनींशीच त्या पत्रांतून कित्येक महिने झगडत होत्या. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी, धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी, आंधळ्या आज्ञापालनाविषयी त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नकोत, इतकी बारीक तक्रारही त्यांनी सोडली नाही. मांसाहार त्यांनी पत्करला नाही. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवू नये असा बिशपांचा अभिप्राय पडला, तेव्हा तोही त्यांनी निमूट मान्य केला नाही. आणि इतके सारे झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निर्वाळा त्यांनी स्वतःविषयी दिला. ही आठ वर्षे माझ्या मते त्यांच्या सर्व चरित्रातील अत्यंत मोलाची आहेत, कारण या काळात त्यांनी प्रश्न विचारणेही थांबवले नाही आणि दारही सोडले नाही.

ज्यांच्या लेखनाने रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यास हातभार लावला, ते नीळकंठशास्त्री गोरे हे तरी निःशंक होते काय? काशीचे हे पंडित मिशनऱ्यांचे खंडन करण्यास सरसावले आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. परंतु संशयाने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही आणि त्यांनीही ते लपवले नाही. ज्याला आपल्या श्रद्धेविषयी रात्र रात्र झोप येत नाही असा मनुष्य दुसऱ्याच्या श्रद्धेला आधार होऊ शकतो, ही गोष्ट आक्षेपकांनी नीट ध्यानात घ्यावी. लक्ष्मीबाई टिळकांची कथा तर याहूनही बोलकी आहे. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे एकदम सोडले नाही, आणि मनातील शिवाशिवीची गाठ त्यांची त्यांनाच, टिळकांच्या हुकुमावाचून, सोडवावी लागली. तिची कैफियत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काहीही झाकून न ठेवता दिली आहे. टिळक 1919 मध्ये वारले, आणि त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुरे करण्याचे काम या शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईने अंगावर घेऊन तडीस नेले.

शंका असूनही टिकून राहण्याची ही चिकाटी म्हणजे निव्वळ दुराग्रह, असेही कोणी म्हणतील; त्यांना उत्तर द्यायला फार शब्द नकोत. दुराग्रही मनुष्य प्रश्नांना भितो; वरील तिघांपैकी एकही त्यांना भ्यालेला नाही. 1893 मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाच्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. त्या वेळी रमाबाईंना आपली उपासना दार लावून करता आली असती, म्हणजे वादही मिटला असता. त्यांनी दार उघडेच ठेवले. याला हट्ट म्हणणाऱ्याने निष्ठा कशाला म्हणायचे ते सांगावे.

पवित्र शास्त्राचीही रीत हीच आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची जी नामावली आहे, तीत वचन ऐकून हसलेली सारा आहे, दोन दोन वेळा चिन्ह मागणारा गिदोन आहे, यरीहोची वेश्या राहाब आहे. आणि वचनाचे फळ हाती न येताच ही माणसे मेली, असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. थकलेल्या मंडळीला धीर देण्यासाठी पत्रलेखकाने निर्दोष माणसे निवडली नाहीत, यातच त्याचा हेतू दिसतो.

म्हणून ज्या तरुण वाचकाचा विश्वास आज डळमळतो आहे त्याला माझी विनंती एवढीच आहे की, मंडळीच्या भिंतीवरील तसबिरीवरून या माणसांचा निवाडा त्याने करू नये. रमाबाईंची पत्रे 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली आहेत, ‘स्मृतिचित्रे’ कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतात. ही दोन पुस्तके त्याने आधी वाचावीत, त्यांतील शंका आपल्या शंकांशी ताडून पाहाव्यात, आणि मग राहायचे की जायचे ते ठरवावे.