केसांचें कडें आणि शाळेचा नियम

मुलींच्या केसांत हल्लीं जें चुणीदार कापडी कडें दिसतें त्यास स्क्रंची म्हणतात, हें विद्यार्थिनींस सांगावयास नको; पालकांपैकीं जे वडीलधारे असतील त्यांच्यासाठींच एवढें स्पष्टीकरण. इलास्टिकच्या वळ्यावर कापडाची सैल नळी चढविलेली असते. ती गोळा होऊन तिला चुण्या पडतात, आणि केसांचा झुपका त्या कड्यांत घातला म्हणजे तो फारसा न आवळतां जागच्या जागीं राहतो. अमरावतीस राजकमल चौकाच्या बाजूस किंवा अकोल्यास गांधी रोडनें सायंकाळीं सहज चालत गेलें, तरी या कड्यांच्या माळा टांगलेल्या दृष्टीस पडतात.

वस्तु इतकी साधी. पण ती शाळेच्या दारांत आली कीं तंटा सुरू होतो. पुष्कळ शाळांतून मुलींनीं दोन वेण्या घालून त्या ठराविक रंगाच्या रिबिनीनें दुमडून बांधाव्या असा नियम आहे. स्क्रंची लावून आलेल्या एका मुलीस प्रार्थनेच्या रांगेंतून बाजूस काढून पहिला तास बाहेर उभें केलेलें मीं एके ठिकाणीं पाहिलें आहे. मुलगी आठवींतील, तास गणिताचा. वर्गांत समीकरणें शिकविलीं जात होतीं, आणि तिच्या वांट्यास आलें तें व्हरांड्यांतील ऊन. शिस्त मला नको आहे असें नाहीं. चाळीस मुलांचा वर्ग शिस्तीवांचून चालत नाहीं हें शिक्षकाहून अधिक कोण जाणतो? परंतु केस बांधण्याचा नियम मुळांत कशासाठीं झाला? केस डोळ्यांवर येऊं नयेत, प्रयोगशाळेंत ज्योतीजवळ लोंबूं नयेत, एकीच्या डोक्यांतील उवा दुसरीच्या डोक्यांत जाऊं नयेत, यासाठीं. हे तीनही हेतु कापडी कड्यानें सिद्धीस जातात. (उवांविषयीं मात्र एक सूचना: मैत्रिणीचें कडें आपण लावूं नये व आपलें तिला देऊं नये.) मग तास बुडविला तो कशासाठीं?

केसांची गोष्ट ती काय, असें म्हणून हा प्रश्न उडवून लावणारांनीं महाराष्ट्राचा थोडा मागील इतिहास आठवावा. ज्या घरांतून विधवांचें केशवपन होत असे, तेथें अल्पवयीन मुलींसही तें चुकत नसे. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें, तें मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठीं. १८९० सालींच मुंबईच्या नाभिकांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सभा भरवून, विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असा निश्चय केला. त्या क्रौर्याची व शाळेच्या रिबिनीची तुलना करण्याचा माझा हेतु नाहीं. ती अन्यायाची होईल. माझें म्हणणें एवढेंच कीं, मुलीच्या केसांविषयीं तिला न विचारतां ठरविण्याची संवय आपणांस फार जुनी आहे, आणि ती सोडतांना थोडें जड जाणारच.

ही नटव्या पोरींची वस्तु आहे असा कित्येकांचा समज आहे, म्हणून तिची जन्मकथा सांगतों. न्यूयॉर्कच्या रॉमी रेव्हसन नांवाच्या गायिकेचे केस रासायनिक उपायांनीं कुरळे करून घेतल्यामुळें नाजूक झाले होते. धातूचे व प्लॅस्टिकचे चाप त्यांस तोडीत. आपल्या पायजम्याच्या कमरेशीं कापडांत ओंवलेलें इलास्टिक पाहून तिला ही युक्ति सुचली, व १९८७ सालीं तिनें तिचें पेटंट घेतलें. म्हणजे ज्या न्यायानें आमच्या आज्या परकराच्या नेफ्यांत नाडी ओंवीत आल्या, त्याच न्यायानें हें कडें झालें आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत १९९३ पासून २०२० सालीं मृत्यु येईपर्यंत न्यायाधीशपद भूषविणाऱ्या रूथ बेडर गिन्सबर्ग या वृद्ध विदुषी वर्षानुवर्षें स्क्रंची वापरीत. त्यांस कोणी नटवी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आरोग्याच्या दृष्टीनेंही विचार करण्यासारखा आहे. बारीक उघडें रबर केसांत गुंततें व काढतांना केस तोडून आणतें, हें प्रत्येक मुलीस ठाऊक आहे. याहून वाईट म्हणजे रोज ताणून घातलेली वेणी. कपाळावरील व कानशिलांवरील केस वर्षानुवर्षें असे ओढले गेले तर ते विरळ होतात; डॉक्टर या विकारास ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, आणि तो फार दिवस चालला तर गेलेले केस परत येत नाहींत. मात्र स्क्रंचीचे तीन-तीन वेढे देऊन केस माथ्यावर ताणून बांधले, तर ताण तोच. कडें कापडाचें आहे म्हणून तो कमी होत नाहीं.

आतां पालकांचा आक्षेप. शोभेचा मोह वाढतो, असें ते म्हणतात, आणि कोणी पेत्राच्या पहिल्या पत्राकडेही बोट दाखवितात. त्या पत्रांतील इशारा केस गुंफण्याविषयींच आहे, तेव्हां अक्षरशः घ्यावयाचा तर प्रथम शाळेच्या दोन वेण्याच सोडाव्या लागतील! परंतु त्यांतील मर्म डामडौलाविषयीं आहे, आणि तेथें मी पूर्णपणें पालकांच्या बाजूचा आहे. सॅटिनचें एक, मखमलीचें एक, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचें निराळें, असा संग्रह कांहीं मुली करूं लागल्या आहेत. शेजारीं बसणारीजवळ एकच असतें, किंवा तेंही नसतें. कापूस वेंचावयास जाणाऱ्या आईच्या मुलीस ही मोजणी किती लागते, तें ती बोलून दाखवीत नाहीं; मधल्या सुटींत ती घोळक्यापासून दूर उभी राहते, एवढेंच दिसतें. रिबिनीच्या नियमाचा खरा गुण हाच कीं तेथें सर्व मुली सारख्या दिसतात. तो गुण आपण घालवूं नये.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शाळेनें स्क्रंचीस मोकळीक द्यावी, पण ती गणवेशाच्याच कापडाची असावी, आणि शक्यतों घरीं शिवलेली असावी. बाजारांतील बहुतेक चकचकीत कडीं पॉलिएस्टरचीं असतात. ज्या वऱ्हाडांत घरोघर कापसाच्या भावाची चर्चा चालते, तेथील मुलींनीं सुती तुकडा टाकून देऊन तीं विकत घ्यावीं, हें मला विचित्र वाटतें.

शिवण्यास कौशल्य फारसें लागत नाहीं. १८ इंच लांब व ४ इंच रुंद पट्टी घ्यावी, उलट बाजू वर ठेवून तिची लांबट नळी शिवावी व ती उलटवून सुलट करावी. ८ इंच इलास्टिक सेफ्टी पिनेनें तींत ओंवून टोंकांस पक्की गांठ मारावी आणि कापडाचीं तोंडें हातशिलाईनें जोडावीं. कार्यानुभवाच्या एका तासांत हें काम होतें. मुलांनींही तें शिकावें; नाडी ओंवतां न येणारा मुलगा पुढें वसतिगृहांत फजीत पावतो.

आपल्या विदर्भांतील शाळा उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धांत उघडतात, आणि त्याच सुमारास शिंप्यांकडे गणवेशांची गर्दी होते. कपडे आणावयास जाल तेव्हां उरलेल्या पट्ट्या मागून घ्या. मागितल्या तर शिंपी देतो. न मागितल्या तर संध्याकाळीं दुकान झाडतांना त्या चिंध्यांबरोबर बाहेर जातात.