गोलजाळीपुढची अठरा वर्षे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ला स्पेनला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक जिंकले आणि गोलरक्षक परट्टू रवींद्रन श्रीजेशची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली. सहा दिवसांनी हॉकी इंडियाने त्याची १६ क्रमांकाची जर्सीही वरिष्ठ संघातून निवृत्त केली. २००६ साली कोलंबोच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला होता. मध्ये अठरा वर्षे गेली, चार ऑलिंपिक झाली, तीनशेहून अधिक सामने झाले.

त्याने अडवलेल्या फटक्यांवर त्या दिवसांत खूप लिहून आले, आणि ते यायलाच हवे होते. पण श्रीजेशचे मोठे काम मला त्याहून वेगळे वाटते. भारतीय हॉकीला त्याने आपल्या गोलरक्षकावर भरवसा ठेवायला लावले. एरवी आपण गोलरक्षकाकडे वळायचो ते सामना हरल्यावर, कुणाला तरी जबाबदार धरायला.

१९८२ची दिल्लीची आशियाई स्पर्धा आठवून पाहा. अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे धुतले. पुढची फळी चेंडू टिकवत नाही आणि बचावाची घडी विस्कटते, तेव्हाच एका सामन्यात सात गोल होतात. पण फितुरीचा आरोप झाला तो एकट्या गोलरक्षक मीररंजन नेगींवर. तो डाग घेऊन त्यांना वर्षानुवर्षे जगावे लागले. पुढे १९९८ला बँकॉकमध्ये धनराज पिल्लेच्या संघाने आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा गोलरक्षकांना शिकवायला नेगीच होते आणि निर्णायक पेनल्टी स्ट्रोक आशिष बल्लाळने अडवले होते.

आशियाई सुवर्णांचा हा धागा जरा मागेपुढे नेला तर एक गोष्ट ठळक दिसते. १९६६ला आपण हे सुवर्ण पहिल्यांदा जिंकले, तेव्हा कर्णधार होते गोलरक्षक शंकर लक्ष्मण. त्यानंतर १९९८ला बल्लाळ. मग २०१४ला इंचिऑन. अंतिम सामन्यात पाकिस्तानशी १-१ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये श्रीजेशने दोन प्रयत्न अडवून ४-२ असा निकाल लावला. त्या विजयाने रिओ ऑलिंपिकचे दारही थेट उघडले. हांगझोऊचे चौथे सुवर्ण मिळाले तेव्हाही गोलमध्ये तोच होता. आपल्या मोठ्या यशात गोलरक्षक नेहमीच होता, आपले कौतुक मात्र सेंटर फॉरवर्डपाशीच संपत असे.

शंकर लक्ष्मण यांच्यावर थोडे थांबायलाच हवे. ते मूळचे महूचे, पण मराठा लाइट इन्फंट्रीतले, म्हणून आपल्याला अधिक जवळचे. मेलबर्न, रोम आणि टोकियो अशा सलग तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत ते गोलमध्ये उभे होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. तीन सामन्यांत मिळून त्यांनी एकच गोल दिला. दोन सुवर्ण आणि एक रौप्य नावावर असलेला हा माणूस २००६ साली महूमध्ये हलाखीत गेला. पायाला गँगरीन झाले होते. त्याच वर्षी श्रीजेश वरिष्ठ संघात आला. हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

श्रीजेश एर्नाकुलम जिल्ह्यातल्या किळक्कंबलमचा, शेतकऱ्याचा मुलगा. तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत तो गेला तेव्हा हॉकी त्याच्या मनातही नव्हती. गोळाफेक, लांब उडी, व्हॉलीबॉल असे सगळे करून पाहिल्यावर तो गोलजाळीपुढे उभा राहिला. त्याच्या साहित्यासाठी वडिलांनी गाय विकली. ही गोष्ट आपण हळवे होऊन सांगतो आणि पुढे जातो. मला तिच्यात हिशेब दिसतो. बाकीच्या पोरांचे एका स्टिकवर भागते. गोलरक्षकाला पॅड, किकर, दोन्ही हातांचे गार्ड, छातीचे गार्ड, हेल्मेट, गळ्याचे संरक्षण असे सगळे लागते, आणि ते वाढत्या वयाबरोबर बदलावेही लागते. आपल्या शाळांच्या संघांत बहुधा एकच जोड पिढ्यान्पिढ्या फिरतो. मापाचे पॅड नाहीत म्हणून किती पोरी-पोरे या जागेपासून दूर राहिली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता त्याच्या खेळाकडे. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पेनल्टी कॉर्नरला चांगल्या ड्रॅग फ्लिकरचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. नुसत्या चपळाईवर तो अडत नाही. फ्लिकरवर धावून जाणारा पहिला धावक कोणती बाजू झाकणार आणि गोलरक्षकाकडे कोणती उरणार, हे चेंडू आत ढकलला जाण्याआधी ठरलेले असते. ते ठरवण्यात श्रीजेशचा हात कुणी धरू शकत नव्हते. श्रीजेशच्या काळातल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी होती, शेवटचे काही सेकंद उरले होते आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तो अडला आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आले. त्यानंतर श्रीजेश गोलच्या आडव्या दांड्यावर जाऊन बसला, ते छायाचित्र घरोघरी पोचले.

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती पॅरिसची ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. दुसऱ्या सत्रातच अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. पेनल्टी कॉर्नरवर पहिला धावणारा भरवशाचा गडीच गेला. पुढची चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. त्या मिनिटांत श्रीजेश सतत बोलत होता. कुणी मागे यायचे, कुणी मधली वाट बंद करायची, कुणी प्रतिस्पर्ध्याला बाजूला ढकलत न्यायचे, हे मागून सांगणारा आवाज त्याचा होता. अख्खे मैदान समोर दिसते ते गोलरक्षकालाच. सामना १-१ असा सुटला आणि शूटआउट आपण ४-२ ने जिंकले. आठ सेकंदांच्या त्या झुंजीत घाईने खाली पडणारा गोलरक्षक फसतो. श्रीजेश उभा राहायचा, पुढे सरकून कोन कमी करायचा आणि समोरच्यालाच आधी निर्णय घ्यायला लावायचा.

२०१७ला अझलन शाह करंडकात त्याचा गुडघा जायबंदी झाला. त्या वर्षी ढाक्यात आशिया चषक आपण जिंकला तो यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा या गोलरक्षकांच्या साथीने. श्रीजेश परत आला आणि हे दोघे मागे पडले. ऑलिंपिकच्या सोळा जणांत टोकियोला आणि पॅरिसला एकच गोलरक्षक होता. कृशन पाठकसारखा तयार गोलरक्षक पॅरिसला राखीव म्हणून गेला. श्रीजेशच्या दीर्घ कारकिर्दीची ही दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे.

म्हणूनच जर्सी निवृत्त करण्याने माझे समाधान होत नाही. सन्मान म्हणून ते ठीक आहे. पण त्याच वेळी त्याला कनिष्ठ संघाचा प्रशिक्षक नेमले गेले, याचे मोल मला अधिक वाटते. गोलरक्षकाच्या हाती अख्खा संघ सोपवणे, हे आपल्याकडे सहसा घडत नाही. २०२५चा कनिष्ठ विश्वचषक भारतात झाला. अशा स्पर्धांची तयारी करताना हॉकी इंडियाने प्रत्येक राज्य अकादमीत गोलरक्षकांसाठी स्वतंत्र, पूर्णवेळ प्रशिक्षक द्यावा. नेदरलँड्सच्या डेनिस व्हान डे पोल यांची शिबिरे वरिष्ठ गोलरक्षकांना उपयोगी पडली, पण पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सांगणारा माणूस त्याच्याच मैदानावर हवा. आणि त्या मुलासाठी मापाचे साहित्य सरकारने किंवा महासंघाने घ्यावे, त्याच्या बापाने नव्हे.

श्रीजेशनंतर सप्टेंबर २०२४मध्ये चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक झाला. आता गोलमध्ये पाठक असो वा करकेरा, केव्हातरी त्याच्या पायांमधून चेंडू जाईल आणि 'श्रीजेशने अडवला असता' असे कुणीतरी म्हणेल. श्रीजेशच्या भारताला लंडन ऑलिंपिकमध्ये बारावे, म्हणजे शेवटचे, स्थान मिळाले होते. त्यानंतरही त्याला वेळ दिला गेला. तेवढाच वेळ या दोघांनाही मिळाला पाहिजे.